खोऱ्याखोऱ्यानं रेडिओ : सिंहगड ते खोडद, चार दिवसांची फेरी

पुण्याच्या पश्चिमेला डोंगरातल्या गावांपर्यंत छोटं रेडिओ केंद्र पोचवायचं तर कोणकोणते मार्ग आहेत, हे कागदावर सांगता येतं. पण कागदावरचं प्रसारणाचं वर्तुळ डोंगराला कळत नाही. म्हणून सप्टेंबरच्या अखेरीस ही फेरी झाली. सामान मोजकंच होतं: गाडीतला रेडिओ (स्टिरिओचा दिवा असलेला), मिडियम वेव्ह लागणारा एक खिशातला ट्रान्झिस्टर, होकायंत्र, दुर्बीण, हातभर आरसा आणि उंचीचे नकाशे भरलेला लॅपटॉप. ट्रान्समीटर सोबत नव्हता. परवान्याशिवाय एक वॉटसुद्धा हवेत सोडता येत नाही, आणि पाहणीला त्याची गरजही पडत नाही. पुण्याहून जे आधीच प्रसारित होतंय ते कुठे मरतं हे नीट ऐकलं, तरी डोंगर आपला स्वभाव सांगतो.

दिवस पहिला : हडपसर आणि सिंहगड

सकाळी आधी हडपसर. सोलापूर रस्त्यावर ‘आकाशवाणी’ नावाचा बसथांबाच आहे. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं आणि त्याची मिडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झवर आहे. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर, तर एफएमची जेमतेम ३ मीटर. पुढच्या तीन दिवसांत जे जे कानावर पडलं, त्याचं मूळ या दोन आकड्यांत आहे.

दुपारी सिंहगड. घाटरस्त्याला पावसात दरडी येतात आणि रस्ता बंद ठेवतात, त्यामुळे निघण्याआधी चौकशी करावी. वर गार वारा होता, ढग अंगावरून जात होते. मडक्यातलं दही आणि पिठलं-भाकरी घेऊन बसलेल्या मावशींकडे जेवण झालं. मावशींचा रेडिओ खांबाला टांगलेला. “इथं सगळं येतंय, पण एकात एक येतंय,” त्या म्हणाल्या. तक्रार अगदी बरोबर आहे. मोठ्या टॉवरच्या पायथ्याशी साधा रेडिओ दबून जातो आणि दोन जोरदार स्टेशनांची भेसळ करून तिसऱ्याच जागी ऐकवतो. १०१.० आणि ९८.३ मेगाहर्ट्झ दोन्ही जोरात असतील तर त्यांची भुतं १०३.७ आणि ९५.६ वर उमटतात. यावर उपाय म्हणजे अँटेना आखडून घेणं. लांब केली की बिघडतं. म्हणून टॉवरशेजारी केलेल्या मोजणीवर कधीच विसंबू नये.

पुण्यात १९७३ मध्ये दूरदर्शन आलं ते याच गडावरच्या रिले केंद्रामुळे. का, ते कड्यावर उभं राहिलं की दिसतं. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर, पुणे ५६० च्या आसपास. म्हणजे शहरावर साडेसातशे मीटरची उंची फुकट मिळते. नजरेच्या टप्प्याचं सूत्र सोपं आहे: उंचीच्या (मीटरमधल्या) वर्गमुळाला ४.१२ ने गुणा, उत्तर किलोमीटरमध्ये. ७५० चं वर्गमूळ २७.४, म्हणजे ११३ किलोमीटर. पूर्वेकडे सपाटीवर हे जवळपास खरं उतरतं.

आता पाठ फिरवून पश्चिमेला बघा. पंधरा-सोळा किलोमीटरवर वेल्हे आहे, पण दिसत नाही. दिसते ती तोरण्याकडे जाणारी डोंगररांग आणि तिच्या सोंडा. शंभर किलोमीटरवरचं गाव ऐकतं आणि पंधरा किलोमीटरवरचं बहिरं राहतं. उंच जागा मिळाली की काम झालं, असं मानणाऱ्यांनी एकदा या पश्चिम कड्यावर यावं.

सावलीतल्या गावात नेमकं किती उरतं, याचं एक उदाहरण मांडून बघू. ट्रान्समीटर १०० वॉट प्रभावी शक्तीचा. (सामुदायिक रेडिओच्या २००६ च्या धोरणातली सर्वसाधारण मर्यादा हीच होती, अँटेना जमिनीपासून १५ ते ३० मीटर.) गाव १२ किलोमीटरवर. मध्ये काही नसेल तर गावात क्षेत्रतीव्रता, म्हणजे सिग्नलचा जोर, सुमारे ७५ डीबी मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. (डीबीच्या मापात १० कमी म्हणजे शक्ती दहावा भाग.) आता गावाच्या २ किलोमीटर अलीकडे सरळ रेषेच्या २०० मीटर वर येणारी डोंगराची धार ठेवा. धारेवरून वळताना ३ मीटरची लहर साधारण २५ डीबी गमावते, म्हणजे तीनशे भागांतला एक भाग पोचतो. उरले ५०. ग्रामीण भागात स्टिरिओसाठी ५४ आणि मोनोसाठी (एकाच वाहिनीच्या आवाजासाठी) ४८ हा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. म्हणजे स्टिरिओ खरखरणार, मोनो अंगणात कसाबसा चालणार आणि दगडी भिंतीच्या घरात तोही जाणार. त्याच धारेला त्याच सूत्राने ३७९ मीटरची लहर फक्त ९ डीबी गमावते.

यातून पहिला निर्णय हाताशी येतो, आणि तो बिनखर्चाचा आहे: डोंगरी केंद्राने मोनोच प्रसारण करावं. स्टिरिओचा १९ किलोहर्ट्झचा पायलट (रेडिओला ‘हे स्टिरिओ आहे’ असं सांगणारा सूर) बंद केला की कमकुवत सिग्नलवर साधारण २० डीबीचा गोंगाट जातो. एवढा फायदा वॉट वाढवून घ्यायचा तर शंभरपट वीज लागेल.

दिवस दुसरा : वेल्हे, केळद

चेलाडी फाट्याला हायवे सोडला. मार्गासनीपर्यंत १०१.० वरची विविध भारती ठीक होती. विंझरच्या पुढे वळणावळणाला तिचं रूप पालटू लागलं: एका वळणावर दिवा लागलेला, पुढच्यावर स-श-ष फाटलेले, त्यापुढे नुसती सूं. मधल्या त्या फाटलेल्या आवाजाला लोक ‘रेंज कमी’ म्हणतात, पण अनेकदा सिग्नल भरपूर असतो. थेट आलेली लहर आणि समोरच्या कातळावर आपटून आलेली लहर भांडत असतात. वाट तीन किलोमीटरने लांबली तर दुसरी लहर १० मायक्रोसेकंद उशिरा येते आणि एफएमच्या वरच्या स्वरांची चाळण करते. इथे शक्ती वाढवून काही होत नाही, कारण दोन्ही लहरी सारख्याच वाढतात. अँटेनाची दिशा बदला, नाहीतर मोनोवर या. मोजणी करणाऱ्यांसाठी सूचना: एका जागी एकच वाचन घेऊ नका. रेडिओ पाऊल-पाऊल सरकवत पाच-सहा वाचनं घ्या आणि मधलं धरा. एका पावलावर सिग्नल पडतो आणि दुसऱ्यावर उठतो.

वेल्ह्याला चहा घेताना खिशातल्या ट्रान्झिस्टरवर ७९२ किलोहर्ट्झ लावलं. तोरण्याच्या पायथ्याशी, ढगात, बारीक पण सलग आवाज. हॉटेलवाल्या बाबांनी कान दिला आणि विचारलं, “मोबाईलवर का येत नाही हे?” मिडियम वेव्हचं दुखणं त्या प्रश्नातच आहे. लहर डोंगराला जुमानत नाही, पण ती ऐकणारं यंत्र घरातून गेलं. मोबाईलमध्ये मिडियम वेव्ह नसते. एफएम असलं तरी त्याला तारेचा इअरफोन अँटेना म्हणून लागतो, आणि तीही तार आता कमी होतेय. शिवाय स्वस्त एलईडी बल्ब आणि इन्व्हर्टर याच पट्ट्यात गोंगाट ओततात. प्रसारणाच्या बाजूने बघा: ७९२ किलोहर्ट्झला पाव-लहर मनोरा ९५ मीटरचा, पायाखाली प्रत्येकी तेवढ्याच लांबीच्या १२० तांब्याच्या तारा चाकाच्या आऱ्यांसारख्या पुरायच्या, म्हणजे ११.४ किलोमीटर तार आणि सात एकर सपाट जमीन. वेल्ह्यात सात एकर सपाट म्हणजे भातखाचरं. मिडियम वेव्ह हे सरकारी, मोठ्या केंद्राचं काम आहे आणि आपत्तीसाठी ते जिवंत ठेवायलाच हवं. गावच्या केंद्राने त्याच्या नादी लागू नये.

शॉर्टवेव्हचाही एक मार्ग आहे, आणि तो डोंगरासाठीच बनल्यासारखा आहे. लहर आडवी न पाठवता जवळजवळ सरळ वर सोडायची. आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतून ती छत्रीसारखी दोन-तीनशे किलोमीटरच्या परिसरात खाली पडते. वरून आलेल्या लहरीला डोंगराची सावली कुठली! ४.८ मेगाहर्ट्झसाठी सुमारे ३० मीटरचा डायपोल (आडव्या तारेची अँटेना) आणि उंची अवघी ८ ते १२ मीटर; इथे उंच मनोरा उलट नुकसान करतो. रात्री वारंवारता खाली आणावी लागते, नाहीतर लहर आयनांबर फोडून निघून जाते. लेहच्या आकाशवाणीची ४७६० किलोहर्ट्झची सेवा याच पट्ट्यातली. सामुदायिक केंद्राला मात्र हा पट्टा मिळत नाही. डीआरएम ही डिजिटल प्रसारणाची पद्धत मिडियम आणि शॉर्ट दोन्हींवर उत्तम चालतं, पण त्याचा रेडिओ वेल्ह्याच्या बाजारात मागून पाहा.

जेवण तांदळाची भाकरी, कालवण आणि इंद्रायणीचा भात. पाऊस उघडला तसं केळदकडे निघालो. खिंड ओलांडून गाडी पलीकडे उतरली आणि पुण्याचं एफएम कातरीने कापल्यासारखं गेलं. सोनकीने पिवळे झालेले उतार, मढे घाटाच्या तोंडाशी कोकणातून वर येणारं धुकं, आणि रेडिओवर काही नाही.

इथे जुनी वाटणी आठवते. बारा मावळ म्हणजे खोरी: कानद खोरं, गुंजण मावळ, मुठे खोरं. कारभार नदीने आणि धारेने वाटलेला होता. रेडिओलाही हीच वाटणी लागू पडते. तालुक्याला एक मोठा ट्रान्समीटर देण्यापेक्षा प्रत्येक खोऱ्याच्या तोंडाशी १० ते ५० वॉटचा एक छोटा, असं मांडलं तर गणित बसतं. जागा शोधताना प्रश्न एकच ठेवावा: इथून किती घरांची छपरं दिसतात? सर्वांत उंच शिखर बहुतेक वेळा नापास होतं, कारण पायथ्याची वाडी त्याच्याच पोटाखाली लपते. खोऱ्याच्या समोरच्या अंगाला, मधल्या उंचीचं टेपाड जिंकतं. गडमाथे तर विचारातच घेऊ नयेत. राजगड २०२५ पासून जागतिक वारशात आहे आणि तो नसता तरी तिथे लोखंड रोवणं पटण्यासारखं नाही.

दृष्टिरेषा तपासायला लॅपटॉप पुरत नाही. उपग्रहावरून घेतलेली उंची ३० मीटरच्या चौकोनांत असते आणि सह्याद्रीचा उभा कडा त्यात उतार होऊन बसतो. खरी पारख आरशाने होते: टेपाडावरून उन्हाचा कवडसा वाडीवर टाकायचा, वाडीतल्याला चमक दिसली तर सिग्नल पोचणार. ढगाळ दिवशी हेच रात्री बॅटरीने करावं.

छोट्या ट्रान्समीटरपर्यंत कार्यक्रम न्यायचा कसा, हा खरा खर्चिक भाग. चार वाटा आहेत.

मूळ केंद्राचं एफएमच धारेवर पकडून दुसऱ्या वारंवारतेवर पलीकडे सोडणं सर्वांत स्वस्त. पकडणारी यागी (एकाच दिशेने ऐकणारी अँटेना) धारेच्या अलीकडच्या अंगाला, सोडणारी अँटेना पलीकडच्या. मध्ये डोंगराचीच भिंत. दोन वारंवारतांत किमान १ मेगाहर्ट्झचं अंतर आणि कॅव्हिटी फिल्टर (आपलीच वारंवारता तेवढी जाऊ देणारी धातूची पेटी) हवा. हेच एकाच वारंवारतेवर करायचं ठरवलं तर दोन अँटेनांमधला अटकाव हा यंत्र सिग्नल जितका वाढवतं त्यापेक्षा १०-१५ डीबीने जास्त लागतो. तो कमी पडला की शिट्टी सुरू.

दुसरी वाट ५.८ गिगाहर्ट्झच्या डिशची जोडी. तिला दृष्टिरेषेभोवती मोकळी जागा लागते: २० किलोमीटरच्या दुव्यात मध्यावर फ्रेनेल पट्ट्याची त्रिज्या १६ मीटर, आणि त्यातला ६० टक्के भाग मोकळा हवा. (एफएमच्या १०० मेगाहर्ट्झला हीच त्रिज्या १२२ मीटर होते, नुसती रेषा मोकळी दिसली म्हणून फसू नये.) तिसरी उपग्रहाची. पावसाळी डोंगरात सी-बँडची मोठी डिश घ्या. केयू-बँडची छोटी डिश मुसळधारेत नेमकी गरज असतानाच गप्प होते. चौथी मोबाईल डेटा: बोलण्यासाठी ६४ किलोबिट पुरतात, पण टॉवर गेला की सगळं गेलं.

सगळे छोटे ट्रान्समीटर एकाच वारंवारतेवर ठेवायचे असतील, म्हणजे प्रवासात स्टेशन बदलायला नको, तर प्रत्येकाला जीपीएसवरचं १० मेगाहर्ट्झचं घड्याळ हवं आणि आवाजाचा उशीर मायक्रोसेकंदात जुळवावा लागतो. १ मायक्रोसेकंद म्हणजे ३०० मीटर. जिथे दोन सिग्नल सारख्या जोराचे असतात तिथे आवाज फाटतो, म्हणून ती हद्द मुद्दाम निर्जन धारेवर पाडायची. डोंगर इथे मदतीला येतो.

दिवस तिसरा : डिंभे, माळीण

मंचर, घोडेगाव, डिंभे धरण. पाणी काठोकाठ, डोंगरांवर धबधब्यांच्या रेघा. ३० जुलै २०१४ च्या पहाटे माळीणवर डोंगर आला आणि दीडशेच्या वर माणसं गेली. बाहेर बातमी गेली ती एसटीच्या चालकामुळे. नेहमीच्या वाटेवर त्याला गाव दिसेना. स्मृतिस्थळाशी उभं राहून ऐकताना बोलवत नाही. इथे रेडिओची चर्चा गाणी आणि शेतीसल्ल्यापुरती राहत नाही.

अशा जागी केंद्राची रचना उलट्या बाजूने करावी: वीज गेली, रस्ता गेला, मोबाईल गेला, असं धरून. त्यासाठी तीन गोष्टी हव्यातच. ट्रान्समीटरच्या खोलीत माइकची जागा हवी, म्हणजे बाहेरून कार्यक्रम येवो न येवो, गावातला माणूस थेट बोलू शकेल. शांतता ओळखणारं यंत्र हवं. ३० सेकंद आवाज आला नाही तर मेमरी कार्डावरची सूचना आपोआप सुरू व्हावी. आणि वीज स्वतःची हवी.

विजेचं गणित असं. ५० वॉटचा ट्रान्समीटर सुमारे १०० वॉट ओढतो, बाकी यंत्रं २०. आठ तासांचे सुमारे १ युनिट. सूर्य नसलेल्या तीन दिवसांचे ३ युनिट. लेड-ॲसिड बॅटरी अर्ध्याखाली उतरवायची नाही, म्हणून ६ युनिटची, म्हणजे १२ व्होल्टच्या ५०० अँपिअर-तास. लिथियम फॉस्फेट ८० टक्के वापरता येते, तिथे पावणेचार युनिट पुरतात. पावसाळ्यात उन्हाचे जेमतेम अडीच तास धरून आणि ३० टक्के गळती सोडून ६०० वॉटची पॅनेलं. उन्हाळ्याच्या हिशेबाने निम्मी पॅनेलं लावलेली केंद्रं जुलैत बंद पडतात, आणि जुलै हाच तर महिना.

केबलवर कंजूषी करू नये. टॉवर आणि खोली मिळून ४० मीटर धरा. अर्ध्या इंचाच्या फोम केबलमध्ये ०.९ डीबी, म्हणजे एक पंचमांश शक्ती जाते. आरजी-२१३ मध्ये अडीच डीबीच्या वर, म्हणजे जवळपास निम्मी. पातळ आरजी-५८ चं नावही काढू नये. पावसाने एफएम लहर थांबत नाही. जोडात शिरलेलं पाणी मात्र ट्रान्समीटर जाळतं. प्रत्येक जोडावर आपोआप चिकटणारी रबर टेप खालून वर गुंडाळा, कौलांसारखी, म्हणजे पाणी पदरावरून ओघळेल. खोलीत शिरण्याआधी केबलला खाली झोल द्या. स्टँडिंग वेव्हचं माप (अँटेनाकडून किती शक्ती परत येते त्याचं) १.५ च्या आत हवं, कोरड्यात १.२ आणि पावसात २ दाखवत असेल तर जोड भिजलाय.

पडणाऱ्या विजेसाठी भू-जोडणी हा सह्याद्रीतला जुना पेच. हातभर मातीखाली बेसॉल्ट, एक दांडा उतरत नाही. खोल जाण्याचा हट्ट सोडून तांब्याच्या तीन-चार पट्ट्या दहा-दहा मीटर आडव्या पसरा, बेंटोनाइटमध्ये (ओल धरून ठेवणाऱ्या मातीत) पुरा, सगळ्या एकत्र जोडा. टॉवर, खोली आणि केबलचं आवरण यांची भू-जोडणी एकच हवी. वेगवेगळी ठेवली की वीज पडल्यावर तो फरक यंत्रातून वाट काढतो. अँटेनाच्या वाटेवर गॅसचा अरेस्टर (पडलेली वीज जमिनीत वळवणारा) लावा आणि एक सुटा कपाटात ठेवा. वानरांसाठी खालची चार मीटर केबल लोखंडी नळीत.

दिवस चौथा : नारायणगाव, खोडद

सकाळी मिसळ, मग खोडद. द्राक्षबागा आणि टोमॅटोच्या शेतांतून अचानक पांढऱ्या जाळीच्या प्रचंड डिश दिसू लागतात. जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या एकूण ३०, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. १४ मध्यभागी आणि बाकीच्या वायच्या आकारात २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या. ही जागा निवडण्याचं एक कारण म्हणजे भोवतीचे डोंगर शहरांचा रेडिओगोंगाट अडवतात. जवळच्या आर्वीला १९७१ मध्ये उपग्रह भूस्थानक आलं, त्यालाही असाच आडोसा हवा होता. दोन दिवस ज्या धारांच्या नावाने कपाळाला हात लावला, त्यांच्याच कुशीत हे कान उघडे ठेवून बसलेत.

जुन्नर-आंबेगाव भागात केंद्र काढणाऱ्यांसाठी यात एक जबाबदारी आहे. १०७.८ मेगाहर्ट्झचा तिसरा हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या तिप्पट जागी निघणारा नको असलेला सिग्नल) ३२३.४ वर पडतो आणि दुर्बिणीचं ३२५ च्या आसपासचं निरीक्षण त्यातच येतं. हार्मोनिक मूळ सिग्नलच्या ६० डीबी खाली असला, तरी ५० वॉटच्या यंत्रातून ५० मायक्रोवॉट निघतात. मध्ये डोंगर नसेल तर २० किलोमीटरवर ते लाखो जान्स्की (आकाशातल्या रेडिओलहरींचा जोर मोजायचं एकक) भरतात, आणि वेधशाळेतले लोक जान्स्कीच्या हजाराव्या भागाचे तारे बघतात. म्हणून यंत्रातल्या फिल्टरवर न थांबता बाहेर वेगळा लो-पास फिल्टर (वरच्या वारंवारता अडवणारा) आणि त्यापुढे कॅव्हिटी लावा. वारंवारता मागण्याआधीच वेधशाळेला पत्र द्या, आणि टेपाड असं निवडा की त्याची पाठ खोडदकडे असेल. आवारात मोबाईल बंद ठेवावा लागतो; २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनानिमित्त लोकांसाठी खुलं असतं, तेव्हा जरूर जावं.

संध्याकाळी नारायणगावात मासवडी आणि झणझणीत रस्सा. परत निघताना ट्रान्झिस्टरवर ७९२, गाडीत १०१.०. खेडच्या घाटाच्या अलीकडे एफएम दोनदा गेलं, घाट उतरल्यावर दिवा लागला तो चाकणपर्यंत विझला नाही. वहीत मात्र केळदच्या खिंडीपुढचे पाच रकाने कोरे आहेत. त्या वाड्यांवर आरसा घेऊन उन्हाच्या दिवसांत पुन्हा जायचंय.